जयापजयाची भाषा

कोणत्याही समाजाने कशाला जय मानले आणि पराजय कसा सोसला, हे त्याच्या इतिहासग्रंथांइतकेच त्याच्या वाक्संप्रदायांतही नोंदलेले असते. इतिहासकार लढाईची तारीख देतो, सैन्याची संख्या देतो, कारणांची मीमांसा करतो; परंतु त्या लढाईची जखम समाजाच्या मनात किती खोल गेली, हे तिचे नाव पुढे कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या तोंडी आले यावरून ठरते. म्हणून जिंकण्याहरण्याचे शब्द हा केवळ कोशकाराचा विषय नव्हे. साहित्याच्या अभ्यासकालाही त्यांचा विचार करावा लागतो. कारण महाकाव्यापासून कादंबरीपर्यंत सर्व कथात्म वाङ्मयाचा पाया संघर्षाचा आहे, आणि संघर्षाच्या शेवटी जो खाली पडतो त्याला आपण काय म्हणतो, यावर त्या वाङ्मयाची नैतिक दृष्टी बरीचशी अवलंबून असते.

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला बंगळूरात सुचला, हे केवळ योगायोगाचे नाही. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषा ज्या नगरांत शतकानुशतके एकमेकींच्या सहवासात राहिल्या त्यांत बंगळूरचे स्थान मोठे आहे. केंपेगौडाने वसविलेले हे नगर १६३८ मध्ये विजापूरकरांच्या वतीने रणदुल्लाखानाने घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात केले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात अनेक भाषांतील कवी समस्यापूर्तीच्या चढाओढीत उतरलेले दिसतात. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी हे ठाणे घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला दिले. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून किल्ला जिंकला आणि १८०९ मध्ये येथे इंग्रजांची छावणी वसली. हातोहात फिरलेल्या या नगरात मराठी बोलणारी जुनी घराणी आहेत आणि अलीकडच्या दशकांत संगणकाच्या व्यवसायासाठी आलेली तरुण मंडळीही आहेत. या तरुणांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार ऐकू येतो. परीक्षेत मागे पडलेला, नोकरीतून कमी केलेला, किंवा नुसता अबोल आणि साधा राहणारा असा जो कोणी असेल, तो त्यांच्या लेखी 'लूझर' असतो. त्यांच्याच वयाचे कन्नड तरुण कन्नड बोलतानाही हाच शब्द वापरतात. दोन्ही भाषांत पराभवाच्या शब्दांची वाण नसताना हा एक शब्द बाहेरून का आणावा लागला, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी तिन्ही भाषांचे भांडवल थोडे तपासून पाहू. इंग्रजीत जिंकण्याचे क्रियापद 'विन' हे आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कष्ट करणे, झगडणे असा होता. झगड्याच्या शेवटी जे हाती येते त्याकडे तो पुढे सरकला. 'लूज' या क्रियापदाच्या मुळाशी नष्ट होणे, नाहीसे होणे हा अर्थ आहे. त्यामुळे इंग्रज माणूस सामना हरतो तेव्हा आणि छत्री विसरतो तेव्हा एकच क्रियापद वापरतो. मराठीतही याचे विलक्षण प्रतिबिंब सापडते. 'त्याने मल्लाला हरवले' आणि 'त्याने पुस्तक हरवले' या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे, परंतु एकात कर्ता जेता आहे आणि दुसऱ्यात तोच नुकसान सोसणारा आहे. कन्नडात अशी गल्लत होत नाही. तेथे 'गेल्लु' म्हणजे जिंकणे, 'सोलु' म्हणजे हरणे, आणि वस्तू गमावण्यासाठी निराळे क्रियापद. मात्र त्याच 'सोलु'पासून 'मनसोलु' हा शब्द झाला आहे. ज्याचे मन एखाद्या गुणावर, रूपावर किंवा स्वरावर लुब्ध झाले, त्याचे मन 'हरले', असे कन्नड भाषक म्हणतो. इंग्रजीच्या वळणाने आपण आता 'गायकाने श्रोत्यांची मने जिंकली' असे लिहू लागलो आहो. हा प्रयोग आता रुळला आहे आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. पण त्यात जेता गायक आहे. कन्नडात गौरव हरणाऱ्या मनाचा आहे. मराठीला हा अनुभव अपरिचित आहे असे नाही. 'भान हरपणे' हा आपला शब्दप्रयोग त्याच जातीचा आहे, आणि विठ्ठलभक्तीच्या परंपरेने हरपण्याला प्राप्तीचाच अर्थ दिला आहे.

वाक्संप्रदायांकडे वळले म्हणजे भाषेमागचा आखाडा दिसू लागतो. इंग्रजीतील जयापजयाचे पुष्कळ वाक्संप्रदाय घोड्यांच्या शर्यती, मुष्टियुद्ध, पत्ते आणि क्रिकेट यांतून आले आहेत. लगाम सैल सोडून, हात खाली ठेवून शर्यत मारणाऱ्या स्वारावरून सहज विजयाची प्रतिमा आली. मुष्टियोद्ध्याचा साहाय्यक रिंगणात टॉवेल टाकतो त्यावरून माघार घेण्याची आली. ज्याची कोणी गणना केली नाही असा 'डार्क हॉर्स' डिझरेलीने १८३१ मध्ये आपल्या कादंबरीत पळविला आणि तो पुढे राजकारणात शिरला. मराठीचा आखाडा मातीचा आहे. चीतपट करणे, अस्मान दाखवणे, पाठीला माती लागणे, लोळवणे, पेचात पकडणे ही सारी कुस्तीची देणगी. बुद्धिबळाने शह, काटशह आणि मात दिले. यांतील 'मात' आणि इंग्रजीतील 'चेकमेट' यांचे कूळ एकच असून दोन्ही शब्द फारसीतील 'शाह मात'कडे जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे भाषांच्या सरहद्दी आपण समजतो तितक्या पक्क्या नाहीत हे कळते.

एकाच प्रतिमेचे तीन भाषांतील रूप पाहण्यासारखे आहे. मराठीत आपण शत्रूला धूळ चारतो. कन्नडात 'मण्णु मुक्किसु' म्हणजे माती खावयास लावणे; बंगळूरच्या जुन्या पेठांतील गरडीमने, म्हणजे तालमी, ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही माती कोठली हे सांगावयास नको. इंग्रजीतही पडणारा धूळ चावतो. परंतु इंग्रजी प्रयोगात तो स्वतःच धुळीत तोंड खुपसून पडतो, आणि मराठी व कन्नड प्रयोगांत क्रियापद प्रयोजक आहे. कोणीतरी कोणाला तरी धूळ चारलेली असते. दोन भिडू समोर असल्याखेरीज ही क्रिया पुरी होत नाही. पराभव हा दोघांमधील व्यवहार आहे, एकट्याचा गुणधर्म नव्हे, ही जाणीव व्याकरणातच मुरलेली आहे. हा मुद्दा पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

इंग्रजी वाक्संप्रदाय शब्दशः मराठीत आणले म्हणजे काय होते, याचे अनुभव वृत्तपत्रे वाचणाऱ्यास रोज येतात. 'त्याने टॉवेल फेकला' असे वाचून मराठी वाचकाला स्नानगृह आठवते. 'त्याने हात टेकले' म्हटले की अर्थ पोचतो. अनपेक्षित उमेदवाराला 'काळा घोडा' म्हणावे तर मुंबईचा चौक पुढे उभा राहतो. दोन घोडे मानेला मान लावून धावतात ही कल्पना मराठीत उतरवू जाता गळ्यात गळा घालणारे मित्र दिसू लागतात. तेथे 'अटीतटीचा सामना' हाच शब्द खरा. उलट, संस्था परकी असूनही वाक्संप्रदाय अस्सल होऊ शकतो. निवडणूक ही आपण पाश्चात्त्यांकडून घेतली. पण मराठीत उमेदवार 'निवडून येतो' किंवा 'पडतो'. वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास अनामत रक्कम जप्त करणारा नियम १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात आहे. त्यावरून 'डिपॉझिट गुल होणे' हा अस्सल मराठी वाक्संप्रदाय निपजला. क्रिकेटच्या विकेटीचेही तसेच. कार्यालयात कोणाची 'विकेट पडली' हे कळण्यासाठी क्रिकेट खेळावे लागत नाही. तात्पर्य, शब्द कोठून आला याला महत्त्व कमी आहे. तो आल्यावर भाषेच्या व्याकरणाशी आणि अनुभवाशी त्याचा संसार जमला की नाही, हे पाहावयाचे असते.

आता इतिहासातून आलेल्या दोन शब्दांची तुलना करू. इंग्रजीत कोणाचा अखेरचा आणि निर्णायक पराभव झाला म्हणजे त्याला त्याचे 'वॉटर्लू' भेटले असे म्हणतात. मराठीत त्याच प्रसंगी 'पानिपत झाले' असे म्हणतात. वरवर पाहता हे दोन्ही प्रयोग समानार्थी आहेत आणि भाषांतरकार एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत ठेवतो. पण १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूवर इंग्रज जिंकले होते आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे हरले होते. सर्वनाशाचा शब्द इंग्रजीने दुसऱ्याच्या सर्वनाशातून घेतला. मराठीने तो स्वतःच्या घरातून घेतला. त्याहून नवल हे की वॉटर्लूचा जेता आर्थर वेलस्ली याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्यानजीक असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला होता, आणि मराठी सत्तेच्या दृष्टीने त्या पराभवाचे परिणाम अधिक कायमचे ठरले. तरी 'असई होणे' असे मराठीत कोणी म्हणत नाही. भाषेने आपले दुःख राजकीय परिणामांच्या मापाने मोजले नाही. एका दिवसात घराघरांतून माणसे गेली, त्या दिवसाचे नाव तिने जपले. विश्वासराव तेथे पडले यावरून 'विश्वास पानिपतात गेला' अशी श्लेषात्मक म्हणही तिने केली. स्वतःच्या शोकावर श्लेष करणारी भाषा दुबळी म्हणता येणार नाही.

पानिपताविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'पानिपत' हे आपल्या भाषेत 'होते'. ते घडते आणि घडून जाते. १७६१ च्या संहारानंतर दहा वर्षांतच, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढल्या वर्षी शाहआलम बादशहाला तेथे आणून बसविले. ज्यांचे पानिपत झाले त्यांना भाषेने कायमचे पानिपतवाले ठरविले असते, तर या उत्तरार्धाला भाषेत जागाच उरली नसती.

भाषांतरकारांची दुसरी आवडती जोडी 'पिरस राजाचा विजय' आणि 'गड आला पण सिंह गेला' ही होय. इसवी सनापूर्वी २७९ मध्ये अस्कुलम येथे एपिरसच्या पिरस राजाने रोमनांना हरविले, पण त्याची इतकी हानी झाली की असाच आणखी एक विजय आपल्याला बुडवील असे तो म्हणाल्याची कथा आहे. तेथे हिशेब आहे: मिळकतीपेक्षा खर्च अधिक. तानाजीच्या बलिदानाशी जोडलेल्या, १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईविषयीच्या मराठी उद्गारात हिशेब नाही. गड व्यर्थ आला असे त्यात कोणी म्हणत नाही. गड आला हे खरे, सिंह गेला हेही खरे, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. 'पण' या दोन अक्षरांत ती दोन सत्ये शेजारी शेजारी उभी आहेत. मराठीने जय आणि हानी यांची बेरीज-वजाबाकी करण्याचे नाकारले, असे मी म्हणेन.

मराठीच्या या वृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण 'शिकस्त' हा शब्द आहे. फारसीत शिकस्त म्हणजे मोड, भंग, पराभव. 'फत्ते' आणि 'शिकस्त' ही विरोधी जोडी. हिंदी-उर्दूत आजही 'शिकस्त खाणे' म्हणजे हरणे. मराठीत मात्र आपण 'प्रयत्नांची शिकस्त' करतो, आणि तिचा अर्थ होतो शक्तीच्या शेवटच्या टोकापर्यंत झटणे. मोडून पडेपर्यंत झुंजणाऱ्याची जी अवस्था, तिच्यातील 'मोडणे' मागे पडले आणि 'झुंजणे' तेवढे अर्थात उरले. इंग्रजीतील 'विन' हा शब्द कष्टातून निघून विजयापर्यंत गेला. मराठीतील 'शिकस्त' पराभवातून निघून कष्टापर्यंत आली. दोन शब्द जणू एकाच रस्त्यावरून उलट दिशांनी चालले. मुलांच्या खेळातही हाच स्वभाव आढळतो. लपंडावात किंवा शिवाशिवीत जो सापडतो, त्याच्यावर 'राज्य' येते. हरलेल्याला राज्य देणारी ही भाषा थट्टा करीत असेल, पण ती थट्टा दिलाशाची आहे. आणि दुसरा गडी सापडताच हे राज्य त्याच्याकडे जाते.

'यश' या शब्दाचेही असेच आहे. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती. हिंदीत आजही तो अर्थ प्रधान आहे आणि कार्यसिद्धीसाठी 'सफलता' हा वेगळा शब्द आहे. मराठी आणि कन्नड या दोन शेजारणींनी मात्र यशाला कार्यसिद्धीचा अर्थ दिला. कन्नडातील 'यशस्सु' आणि मराठीतील 'यश' हे दोन्ही आज प्रयत्न फळाला येण्याचे वाचक आहेत. दोन्ही भाषांत यश ज्याला मिळते त्याची विभक्ती पाहावी. 'त्याला यश आले', 'त्याला अपयश आले' अशी आपली वाक्ये आहेत. कन्नडातही ते माणसाला मिळते. यश हा येथे कर्ता आहे आणि माणूस त्याचे आगमन स्वीकारणारा. जे येते ते जाऊ शकते. पाहुण्याचा आणि घराचा जो संबंध, तोच अपयशाचा आणि माणसाचा.

एवढ्या तयारीनंतर 'लूझर'कडे परत येऊ. मराठीत जिंकणाऱ्याला 'विजेता' म्हणतात. हे कर्तृवाचक नाम आहे. त्याच्या उलट शब्द कोणता? 'पराजित', 'पराभूत', 'हरलेला'. ही तिन्ही भूतकालवाचक धातुसाधिते आहेत. ज्याच्या बाबतीत पराभवाची घटना घडून गेली तो, एवढेच ती सांगतात. 'पराजि' या धातूपासून संस्कृतच्या नियमाने कर्तृवाचक नाम केले, तर त्याचा अर्थ हरणारा असा न होता दुसऱ्याला हरविणारा असा होईल! 'हरणारा' हा शब्द मराठीत आहे. पण 'हरणारा संघ' म्हटले की आपल्याला चालू सामनाच दिसतो. कन्नडाचीही हीच तऱ्हा. 'सोतवनु' म्हणजे जो हरला तो. न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांविषयी कन्नडात एक म्हण आहे, तिचा आशय असा की खटला जिंकला तो हरला, आणि हरला तो मेला. या म्हणीतही दोघे पक्षकार घटनेने ओळखले जातात, जातीने नव्हे.

इंग्रजीत 'विनर' आणि 'लूझर' ही दोन्ही कर्तृवाचक नामे एकाच प्रत्ययाने, एकाच साच्यात घडली आहेत. शेतकरी शेती करतो, लेखक लिहितो, तसा 'लूझर' हरतो. हरणे हा जणू त्याचा व्यवसाय. इंग्रजीतही हा अर्थ प्रथमपासून होता असे मात्र नाही. शतकानुशतके 'लूझर' म्हणजे त्या त्या डावात हरलेला, एवढेच होते. हसतमुखाने हार पत्करणारा 'गुड लूझर' तर खेळाडूवृत्तीचा आदर्श मानला जाई. नालायक माणूस हा अर्थ अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या बोलीत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. त्यामागची कथा अमेरिकी इतिहासकार स्कॉट सँडेज यांनी २००५ च्या 'बॉर्न लूझर्स' या ग्रंथात सांगितली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे 'फेल्यर' या शब्दाने मुख्यत्वे व्यापारातील दिवाळे सूचित होई. ती एक घटना होती. पुढे व्यापाऱ्यांची पत पारखणाऱ्या संस्था निघाल्या, त्यांच्या वह्यांत माणसांच्या नावापुढे शेरे लिहिले जाऊ लागले, आणि हळूहळू दिवाळे निघालेला मनुष्य स्वतःच 'फेल्यर' झाला. घटनेचे नाव माणसाला चिकटले. आपल्याकडेही 'दिवाळे निघणे' या घटनेपासून 'दिवाळखोर' झाला आहे, तेव्हा हा प्रवास आपल्याला अगदी अनोळखी नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मराठीत पराभूताला डाग देणारे शब्द नाहीत काय? आहेत, आणि ते क्रूर आहेत. 'अपेशी' हा शब्द 'अपयशी'चाच अवतार असून ज्याच्या हाताला कधी यश नाही, ज्याचे तोंड पाहू नये, अशा माणसाला तो लावला जातो. 'करंटा', 'कपाळकरंटा' हे त्याचे भाऊबंद. स्त्रियांच्या वाट्याला आलेले 'पांढऱ्या पायाची' हे विशेषण तर त्याहून निर्दय. पती वारला किंवा घर बुडाले तर घटनेचा सारा दोष नव्या सुनेच्या पावलांवर. तेव्हा आपली भाषा सोज्ज्वळ आणि परभाषा तेवढी निष्ठुर, अशी मांडणी करणे असत्य होईल. भेद आहे तो निराळा आहे. करंटेपणाचा संबंध दैवाशी होता, आखाड्याशी नव्हता. ज्याची कुस्ती गेली त्याला कोणी त्यावरून करंटा म्हणत नसे, आणि ज्याला करंटा म्हणत त्याने कोणती कुस्ती केलेली असेलच असे नाही. हरणे आणि अभागी असणे ही दोन खाती भाषेने वेगळी ठेवली होती. 'लूझर' या शब्दाने ती एक केली आणि वर दैवाची सबबही काढून घेतली. करंट्याला निदान कपाळाला हात लावता येत होता. 'लूझर'ला तेही नाही. त्याची हार ही त्याचीच करणी, आणि त्याची करणी हाच त्याचा स्वभाव. ज्या व्यवसायांत माणसांची दर वर्षी प्रतवारी लागते, तेथल्या तरुणांना असा शब्द हवासा वाटावा यात नवल नाही. आपल्या भाषांत तो नव्हता, म्हणून तो आयात झाला.

साहित्याच्या दृष्टीने यात काय पणाला लागले आहे, हे आता सांगितले पाहिजे. शोकात्म वाङ्मयाची पूर्वअटच ही आहे की माणसाचा पराभव आणि माणसाची योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास चालुक्यांच्या दरबारी असलेल्या रन्न या कन्नड महाकवीने 'साहसभीमविजय' हे काव्य रचले. ते 'गदायुद्ध' या नावानेही प्रसिद्ध आहे. नावाप्रमाणे विजय भीमाचा आहे आणि त्यात कवीच्या आश्रयदात्याची स्तुती गुंफलेली आहे. परंतु वाचकाच्या मनात राहतो तो दुर्योधन. सर्व बंधू आणि मित्र गमावलेला, रणभूमीवरील प्रेतांतून एकटा चालत जाणारा. आधुनिक काळात बी. एम. श्रीकंठय्या यांनी याच काव्यातून नाटक सिद्ध केले, आणि त्यांचे लक्षही दुर्योधनाच्या शोकांतिकेवरच होते. राजाज्ञेने विजयाचे काव्य लिहिणारा कवी पराभूताला एवढी उंची देऊ शकला, कारण त्याच्या भाषेत 'हरलेला' हे हीनत्वाचे नाव नव्हते. मराठीतही शिवाजी सावंत यांनी कर्णाच्या कथेला १९६७ मध्ये 'मृत्युंजय' हे नाव दिले. रथाचे चाक रुतलेले असताना मारल्या गेलेल्या योद्ध्याच्या चरित्राच्या नावात 'जि' हा धातू आहे, आणि मराठी वाचकाला त्यात विसंगती वाटली नाही. शिरवाडकरांच्या १९७० च्या नाटकातील गणपतराव बेलवलकर घर, सत्ता, पत्नी सारे गमावतो; नाटकाचे नाव तरीही 'नटसम्राट'. या तिघांना, दुर्योधनाला, कर्णाला आणि बेलवलकरांना, 'लूझर' म्हणून पाहावे. तो शब्द उच्चारताच शोकांतिका संपते आणि उरते ती फक्त एका अपात्र माणसाची हकीकत. तिच्याविषयी करुणा वाटण्याचे कारण राहत नाही, आणि भय वाटण्याचे तर त्याहून नाही.

तेव्हा हा शब्द मराठीतून हद्दपार करावा, असा ठराव मांडण्याचा माझा हेतू नाही. शब्द ठरावांनी येत नाहीत आणि जातही नाहीत. शिवाय कथा-कादंबरीतील पात्र ज्या भाषेत बोलते तीच लेखकाने त्याच्या तोंडी घातली पाहिजे. आजच्या बंगळूरातील तरुण 'लूझर' म्हणत असेल तर त्याने तसे म्हणावे. परंतु पात्राची भाषा आणि निवेदनाची भाषा यांत अंतर असते, आणि लेखकाची जबाबदारी त्या अंतरात राहते. पात्राने ज्याला 'लूझर' म्हटले, त्याला निवेदकाने 'हरलेला' म्हणावे. कोणत्या डावात हरला, कोणाशी हरला आणि शिकस्त कोठवर केली, हे सांगावे. हरलेल्याचा डाव सांगता येतो, म्हणून त्याची गोष्ट होते. खेळात ज्याच्यावर राज्य आले त्या मुलाला डोळे मिटून अंक मोजावे लागतात, पण मोजून झाले की तो डोळे उघडतो आणि खेळ त्याच्यापासूनच पुढे सुरू होतो.